चार किलो सहाशे चाळीस

कोडबाई निवृत्त झाल्या त्या दिवशी मला चार शब्द बोलायला उभं केलं होतं. मी त्यांच्या गुलाबी चिठ्ठ्यांवरचे दोन विनोद सांगितले, लोक हसले, त्याही हसल्या आणि मी खाली बसले. जे खरोखर सांगायचं होतं ते डॉक्टरांच्या आणि केकच्या समोर माझ्या तोंडून निघेना. म्हणून आता लिहिते आहे. त्यात माझी एक चूकही येणार आहे. ती गाळली तर या बाईंबद्दल सांगण्यासारखं फारसं काही उरत नाही, म्हणून गाळत नाही.

आधी त्यांचं काम सांगते, कारण आमच्या दवाखान्यातल्या निम्म्या लोकांनाही ते शेवटपर्यंत कळलं नव्हतं. पेशंट घरी गेला की त्याची फाईल तळघरात, नोंदींच्या खोलीत जाते. तिथे कोणीतरी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची आणि त्यातल्या प्रत्येक आजाराला एक अक्षर आणि तीन-चार आकडे असा कोड द्यायचा. जगभर तोच कोड. पुढे विमावाले, सरकार, संशोधन करणारे, सगळे फाईल न उघडता नुसते ते कोड मोजतात. हे 'कोणीतरी' म्हणजे आमच्या कोडबाई. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्यांची थोरली बहीण, जिच्यासोबत त्या राहायच्या, ती शेजारपाजारी सांगायची, "ही दवाखान्यात बसून बेरजा करते." बाई तिला कधी दुरुस्त करायच्या नाहीत. इतरांना मात्र स्वल्पविरामासाठीसुद्धा सोडत नसत.

खरं तर त्यांना नर्स व्हायचं होतं. प्रशिक्षणाच्या पहिल्याच आठवड्यात रक्त पाहून त्या धाडकन पडल्या, दुसऱ्या आठवड्यात पुन्हा पडल्या आणि तिसऱ्या वेळी पडताना ट्रे घेऊन पडल्या. मग कोणीतरी म्हणालं, हिला कागदांत बसवा. हे त्या स्वतःच सांगायच्या, अगदी कोरड्या चेहऱ्याने. तळघरात पंखा नको इतका गारठा असायचा. भर उन्हाळ्यातही त्यांच्या अंगात तपकिरी स्वेटर. टेबलावर दोन टोकदार पेन्सिली आणि एक लाकडी पट्टी. वाचताना ती पट्टी ओळीखाली धरायची सवय होती, म्हणजे एक ओळ वाचून झाल्याशिवाय डोळा पुढच्या ओळीवर जायलाच नको.

त्यांच्या कामाचा एक नियम होता आणि त्या नियमापायी त्यांनी डॉक्टरांच्या नाकी नऊ आणले. मोठ्या बाळांचंच घ्या. जन्मतः साडेचार किलो किंवा त्याहून जास्त वजनाच्या बाळाला 'अतिशय मोठे नवजात' असा एक कोड आहे. त्याच्या खालच्या जड बाळांना दुसरा. पण कागदावर नुसतं वजन दिसलं म्हणून कोड द्यायचा नाही. डॉक्टरांनी आपल्या हाताने निदान लिहिलेलं असलं पाहिजे. लिहिलं नसेल तर त्यांना विचारायचं, आणि विचारतानाही उत्तर त्यांच्या तोंडात घालायचं नाही. म्हणून बाईंची गुलाबी चिठ्ठी यायची: 'बाळाचे वजन ४७१० ग्रॅम नोंदलेले आहे. याविषयी काही निदान नोंदवायचे असल्यास नोंदवावे.' बस, इतकंच.

आमचे बालरोगतज्ज्ञ, ज्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणतात, एकदा ती चिठ्ठी हातात नाचवत तळघरात उतरले होते. मी तेव्हा तिथेच होते.

"बाई, पावणेपाच किलोचं बाळ आहे! मोठं आहे हे आंधळ्यालासुद्धा दिसेल."

"मलाही दिसतंय, डॉक्टर," बाई म्हणाल्या. "पण मला दिसतं त्याचा कोड देता येत नाही. तुम्ही लिहा, मी देते."

डॉक्टरांनी पेन मागितलं. बाईंनी पेन्सिल बाजूला सारून पेन दिलं.

माझी आणि त्यांची ओळख भांडणातूनच झाली. मी प्रसूती विभागात नर्स. बाळ जन्मलं की त्याचं पहिलं वजन मी करते. नवीन होते तेव्हा एका बाळाचं वजन मी 'साडेचार किलो' असं ऐसपैस लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी गुलाबी चिठ्ठी: नेमकं किती? मी तणतणत खाली गेले. म्हटलं, वर आम्ही जीव वाचवतो आणि तुम्हाला इथे बसून दहा ग्रॅमची पडलीये.

"चार हजार चारशे नव्वद असेल तर त्याची गोष्ट वेगळी आणि चार हजार पाचशे असेल तर वेगळी," त्या म्हणाल्या. "तू त्याला बरोब्बर रेघेवर बसवलंस. आता मी त्याला कुठे उतरवू? बस, चहा घे."

चहा बरा होता. मी पुन्हा पुन्हा जाऊ लागले. अकरा वर्षं त्या मला 'अगं' म्हणायच्या आणि मी त्यांना 'बाई'. माझ्या लग्नाच्या, माझ्या नवऱ्याच्या नोकरीच्या, माझ्या आईच्या गुडघ्यांच्या सगळ्या तक्रारी त्या तळघरात ऐकून झाल्या आहेत. त्या स्वतःबद्दल क्वचित बोलत. बोलल्या तर बहिणीबद्दल.

आता ज्या चुकीचं सुरुवातीला म्हटलं, ते बाळ.

संध्याकाळी सातची वेळ. तीन खोल्यांत तीन बायका एकदम अडलेल्या आणि आम्ही दोघीच. त्यातल्या एकीला मुलगा झाला. चांगलाच गुटगुटीत. आमची पद्धत अशी की काट्याच्या तबकावर घडी घातलेला जाड टॉवेल ठेवायचा, शून्याचं बटण दाबायचं म्हणजे टॉवेलचं वजन जमेत धरलं जात नाही, आणि मग त्यावर बाळ ठेवायचं. बाळाला गार पत्रा लागू नये म्हणून टॉवेल. मी टॉवेल ठेवला, शून्य दाबलं, बाळ ठेवलं आणि आकडा स्थिर व्हायच्या आत या महाशयांनी त्या टॉवेलवर मनसोक्त धार सोडली. मी हसले. बाळ उचललं, टॉवेल ओढून बादलीत टाकला, तबक पुसून त्यावर पातळ कागद अंथरला आणि बाळ पुन्हा ठेवलं. चार हजार तीनशे तीस. पलीकडून हाक आली, "सिस्टर!" मी आकडा लिहिला आणि धावले. शून्य पुन्हा दाबलं नाही. हे मला त्या वेळी जाणवलंसुद्धा नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त लागतं.

आमच्याकडे तेव्हा नियम होता: साडेचार किलोच्या पुढच्या बाळाची साखर पहिल्या काही तासांत पुन्हा पुन्हा तपासायची, कारण अशा बाळांची साखर एकाएकी खाली येऊ शकते. चार किलो तीनशे तीसवाल्याची नाही तपासायची. तशी त्याची कोणी तपासली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तो आईच्या कुशीत ढिला पडला आणि मग त्याला झटके आले. साखर जवळजवळ नव्हतीच. त्याला अतिदक्षता विभागात हलवलं.

तो वाचला. पण मेंदूला काही इजा झाली आहे का, हे वर्ष-दोन वर्षांनी कळेल असं डॉक्टरांनी सांगितलं. आणि तिथेच पलंगाजवळ उभं राहून एक शिकाऊ डॉक्टर आपल्या सहकाऱ्याला म्हणाला, "आईची साखर वाढलेली असणार." वाईट हेतूने नाही, सहज म्हणाला; आईची साखर जास्त असली की जन्मल्यावर बाळाची अशी खाली येऊ शकते. कागदावरही तसंच लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. पण पलंगाच्या दुसऱ्या बाजूला त्या मुलीची, म्हणजे बाळाच्या आईची, सासू उभी होती.

त्यानंतरचे पाच दिवस मी त्या मुलीला पाहत होते. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. सासू दिवसभर व्हरांड्यातल्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "दोन जिवांची आहे म्हणून ताटात मागून घ्यायची. आम्ही काय बोलणार? आता लेकराला भोगायला लागलं." नवरा आईच्याही बाजूला बसे आणि बायकोच्याही, आणि दोन्हीकडे खाली बघे. मुलीने जेवण जवळजवळ सोडलं होतं. गरोदरपणात तिच्या साखरेची तपासणी झाली होती, रिपोर्ट चांगला होता, फाईलमध्ये होता. पण तो रिपोर्ट कोण काढून बघतो? मीही बघितला नाही. उलट मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "झालं ते झालं, पुढच्या वेळी जपायचं." माझ्या मते मी तिला धीर देत होते.

सहाव्या दिवशी बाळ साध्या वॉर्डात आईजवळ आलं आणि अतिदक्षता विभागातला मुक्काम संपला म्हणून जन्मापासूनचे तोवरचे कागद तळघरात गेले. दुपारी बाईंचा फोन आला. त्या कधी फोन करत नसत.

मी गेले तेव्हा चहा नव्हता. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले होते आणि पट्टी दोन्हीवर आडवी.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी सात, चार हजार तीनशे तीस. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ, अतिदक्षता विभागाचा काटा, चार हजार पाचशे नव्वद. चौदा तासांत दोनशे साठ ग्रॅम वाढलं?"

"कसं वाढेल? पहिल्या दोन-तीन दिवसांत बाळ घटतं."

"तेच. घटायला हवं. म्हणजे जन्मतः हे साडेचारच्या चांगलंच वर होतं. तीनशेच्या आसपास ग्रॅम कुठेतरी सांडले आहेत." त्यांनी चष्मा काढला. "अगं, तुमच्या खोलीत तीनशे ग्रॅमची वस्तू कुठली असते?"

मी वर गेले, कपाटातून कोरडा टॉवेल काढला, तशीच घडी घातली, काट्यावर ठेवला, शून्य दाबलं आणि उचलला. काट्यावर उणे तीनशे दहा. बाई माझ्या मागोमाग वर आल्या होत्या हे मला वळल्यावर कळलं. एकतीस वर्षांत त्या प्रसूती विभागात पहिल्यांदा आल्या असतील. दारातच उभ्या होत्या, चौकट धरून.

मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. मी त्यांना आत घेऊन दार लावलं आणि त्यांचे हात धरले. म्हटलं, "बाई, ही चिठ्ठी पाठवू नका. माझी नोकरी जाईल. बाळ बरं आहे. बरं होईल."

"चिठ्ठी तर जाणार," त्या म्हणाल्या. "दोन वजनं जुळत नाहीत, कोणतं ग्राह्य धरायचं, एवढीच जाईल. तुझं नाव त्यात नसेल. नाव लिहायला त्या चिठ्ठीत जागाच नसते."

"मग डॉक्टर म्हणतील अतिदक्षता विभागाचा काटा बिघडला असेल."

"म्हणतील."

"मग?"

"मग मी तेच धरीन." त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "मला जे लिहून येईल तेच मी धरते, तुला माहीत आहे. काटा बिघडला असं आलं तर हे बाळ चार किलो तीनशे तीसचं राहील. 'आईची साखर' या शब्दांपुढचं प्रश्नचिन्ह एखाद्याने खोडलं तर मी तिच्या नावावर ते आजारपणही चढवीन. मला खरं काय ते ठाऊक असूनसुद्धा चढवीन. हे माझ्या हातून याआधी झालं नाही असं समजू नकोस. दोनदा झालंय. दोन्ही फायलींचे नंबर मला पाठ आहेत."

त्यांनी नंबर सांगितले नाहीत आणि मी विचारले नाहीत. हात सोडवून घेऊन त्या जिना उतरून गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला त्यांचा इतका संताप आला की काय सांगू. अकरा वर्षांच्या चहाची हीच किंमत का, असंही मनात आलं. पण संताप करायचा तरी कशावर? त्यांनी मला काही करायला सांगितलं नव्हतं. नुसतं एवढंच दाखवलं होतं की आता हे माझ्यावर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चिठ्ठी पोचायच्या आत, मी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत जाऊन टॉवेलपासून सगळं सांगितलं. ते आधी ओरडले. मग म्हणाले, "कोणालाच कळलं नसतं, कल्पना आहे ना?" मी म्हटलं, "खाली कळलं आहे." त्यांनी फाईल मागवली. माझ्या आकड्यावर एक सरळ रेघ मारून शेजारी दुरुस्त वजन लिहिलं, सही केली, तारीख घातली. खाली लिहिलं: अतिशय मोठे नवजात, साखर कमी झाल्याने झटके, आईला मधुमेह नाही. प्रश्नचिन्हाची ओळ ज्याने लिहिली होती त्यालाच बोलावून खोडायला लावली. मला सहा महिने प्रसूती विभागातून काढून बाह्यरुग्ण विभागात बसवलं. नोकरी गेली नाही. त्याच आठवड्यापासून काट्यापुढे दोघींनी उभं राहून आकडा मोठ्याने वाचायचा नियम लागला, तो अजून आहे.

दुपारी मी तळघरात गेले. खरं सांगायचं तर शाबासकी घ्यायलाच गेले होते. बाईंनी दुरुस्त कागदांवरून पट्टी खाली खाली सरकवत सगळं वाचलं, कोड लिहिला आणि फाईल मिटली.

"आईला सांगितलंस?"

"मोठे डॉक्टर सांगणार आहेत."

"कधी?"

"म्हणाले, योग्य वेळ बघून."

त्या उठल्या. स्वेटरची बटणं लावली. "आता ते बरोबर लिहिलं गेलं, चांगलं झालं. पण ती काही हे वाचायला येणार नाही. कोणीच येत नाही. इतक्या आया या टेबलावरून गेल्या, एकीचाही चेहरा मी पाहिलेला नाही. चल."

"कुठे?"

"तिच्याकडे. तू सांग. मी उभी राहते."

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "सांगा. मी पाठोपाठ येतोच."

भेटीची वेळ होती, वॉर्ड भरलेला होता. तिचा पलंग खिडकीजवळ. बाळ तिच्या मांडीवर, जागं, मुठी वळलेल्या. सासू स्टुलावर, नवरा भिंतीला टेकून. ट्रेमधलं जेवण तसंच झाकलेलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले, मग तिच्या उशाशी गेले. बाई माझ्या शेजारी, हात समोर बांधून. मी वाकून हळूच, फक्त तिलाच ऐकू जाईल असं बोलले: बाळाचं वजन मी चुकवलं. ते बरोबर लिहिलं असतं तर त्याची साखर वेळेवर तपासली गेली असती. तुझी साखर चांगली होती. तुझ्या खाण्याने काही झालेलं नाही.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं तिला समजलं नाही. मग तिने विचारलं, "किती होतं मग त्याचं वजन?"

बाई म्हणाल्या, "चार किलो सहाशे चाळीस."

तिने मान खाली घालून बाळाकडे पाहिलं, तो आकडा त्याच्यावर बसतो का हे बघावं तशी. मग मान वर केली आणि मला म्हणाली, "मोठ्याने सांगा."

मी सांगितलं. शेजारच्या पलंगांवरचं बोलणं थांबलं. नवरा भिंतीपासून सरळ झाला. सासूने स्टूल पुढे ओढलं आणि म्हणाली, "अहो, पण डॉक्टर तर म्हणाले होते की हिचीच..."

मुलीने हात वर करून तिला थांबवलं. आता तिचे डोळे भरले होते, पण आवाज स्वच्छ होता.

"आई, तुम्ही जरा गप्प बसा. सिस्टर, अजून एकदा सांगा."

मी तिसऱ्यांदा सांगितलं.